न पाठवलेले छायाचित्र

रोटोरुआकडे जाणारी बस शेवटचा उतार उतरून तळ्याच्या अंगाला लागली, तशी आतल्या प्रवाशांनी एकेक करून नाकाला रुमाल लावले. सडक्या अंड्यांसारखा म्हणून ज्याचे वर्णन करतात, तो गंधकाचा वास बसच्या बंद काचांतूनही आत आला होता. मी रुमाल लावला नाही. मला त्या क्षणी चिपळूणच्या बाजारपेठेतली, मामाच्या फोटो स्टुडिओमागची अंधारखोली आठवली. जुन्या चालीच्या गिऱ्हाइकांना काळ्यापांढऱ्याऐवजी तपकिरी छटेचे फोटो हवे असत. मामा आधी फोटो एका द्रावणात बुडवून त्यावरची प्रतिमा जवळजवळ पुसून टाकी आणि मग दुसऱ्या तबकात, सोडियम सल्फाइडच्या पाण्यात, ती पुन्हा उगवून आणी. दुसऱ्या तबकाचा वास नेमका हाच होता. पुसलेला माणूस त्या दुर्गंधीतून तपकिरी होऊन परत यायचा. मामाचे म्हणणे असे, की हा फोटो साध्या फोटोपेक्षा जास्त टिकतो. पुढे कळले, की त्यात रसायनशास्त्राचे तथ्य होते. फोटोतल्या चांदीचे गंधकाशी संयुग झाले, की हवेतला गंधक तिचे फारसे वाकडे करू शकत नाही.

ही गोष्ट २००९ सालची. मी तेव्हा तीस वर्षांची होते. महाविद्यालयात मराठी शिकवायला लागून पाच वर्षे झाली होती आणि भाषाशिक्षणाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमासाठी मी न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टनला गेले होते. रोटोरुआ तिथून शंभरएक किलोमीटरवर. एप्रिलमध्ये ईस्टरची सुट्टी लागली आणि वसतिगृह रिकामे झाले, तेव्हा मी पाठीवर एक पिशवी आणि गळ्यात मामाचा कॅमेरा अडकवून निघाले.

कॅमेरा पेंटॅक्स के-१००० होता, फिल्मचा. तोवर सगळ्यांकडे डिजिटल आले होते. मामाच्या स्टुडिओतही आले होते. पण निघताना त्याने हाच कॅमेरा, एक लांब पल्ल्याची भिंग आणि काळ्यापांढऱ्या फिल्मचे दहा रोल माझ्या हाती ठेवले. म्हणाला, "रोल संपतो, म्हणून माणूस आधी बघतो आणि मग फोटो काढतो. तू बघून काढ." हे वाक्य मी पुढे अनेकांना सांगितले. स्वतः किती पाळले, त्याचा हा लेख हिशेब आहे.

*

रोटोरुआ हे गाव एका प्रचंड ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात वसलेले आहे. सुमारे २ लाख ४० हजार वर्षांपूर्वी तिथे स्फोट झाला आणि रिकामी झालेली जमीन आत बसली. त्या खळग्यात आज तळे आहे आणि तळ्याकाठी शहर. रस्त्याच्या कडेच्या गटारातून वाफ येते, बागेतल्या चिखलाला बुडबुडे फुटतात, लोकांच्या परसात कुंपण घातलेली उकळती डबकी असतात. कुइराउ नावाच्या सार्वजनिक बागेत गरम पाण्याची टाकी बांधून पाय बुडवून बसण्याची सोय केली आहे. तिथे मी पहिल्या संध्याकाळी तासभर बसले आणि उठले तेव्हा पायांतली चांदीची जोडवी काळी पडलेली होती. मामाच्या तबकातली क्रिया माझ्या पायांवर घडली होती. ती जोडवी मी नंतर बरेच दिवस घासली नाहीत.

तिथल्या जमिनीवर जगणाऱ्या लोकांचे गाव म्हणजे फाकारेवारेवा. माओरी भाषेत या नावातल्या आरंभीच्या व्यंजनाचा उच्चार 'फ'च्या जवळ जातो. पूर्ण नाव याहून पुष्कळ लांब आहे आणि त्यात वाहिआओ नावाच्या पूर्वजाच्या युद्धसज्ज तुकडीचा उल्लेख येतो. गावात घरे आहेत, चर्च आहे, सभागृह आहे आणि घरांच्या मधून वाफा निघतात. जमीन तापलेली असल्यामुळे इथे मृतांना खोल पुरता येत नाही. कबरी जमिनीच्या वर, बांधलेल्या चौथऱ्यांत आहेत. वाफेच्या पेट्यांत जेवण शिजते, गरम झऱ्याच्या पाण्याने सामायिक न्हाणी भरतात. जवळच पोहुतू नावाचे देशातले सर्वांत मोठे गायझर दिवसातून अनेकदा, कधी तीस मीटरपर्यंत, उसळते. पुआरेंगा ओढ्यावरच्या पुलाशी मुले थांबलेली असतात. पर्यटकांनी पाण्यात नाणी टाकावीत आणि त्यांनी सूर मारून ती काढावीत, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा प्रघात आहे.

या गावात राहणाऱ्या तूहोरांगी लोकांचे मूळ गाव मात्र हे नव्हे. त्यांची वस्ती आग्नेयेला, तारावेरा डोंगराच्या परिसरात होती. तिथे रोटोमहाना तळ्याच्या काठी दोन अद्‌भुत पायऱ्यांचे उतार होते. गरम पाण्यातली सिलिका शतकानुशतके साचून ते घडले होते. त्यांतला एक पांढरा, ते तराता, आणि दुसरा गुलाबी, ओतूकापुआरांगी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरचे श्रीमंत प्रवासी ते पाहायला येत. नावा तूहोरांगींच्या, वाटाडे तूहोरांगींचे, आणि कॅमेरा किंवा रंगपेटी घेऊन येणाऱ्याकडून ते वेगळे पैसे घेत. तत्कालीन गोऱ्या प्रवाशांनी या शुल्काबद्दल कुरकुर केलेली आढळते. देखावा निसर्गाचा, मग त्याचे पैसे कसले, असा त्यांचा सूर. देखावा कुणाच्या तरी घरातला आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हते.

१० जून १८८६ च्या पहाटे तारावेरा फुटला. शंभराहून अधिक माणसे गेली, त्यांतली बहुसंख्य माओरी. ते वाइरोआ हे गाव चिखलाखाली गाडले गेले आणि त्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. उरलेल्या तूहोरांगींना फाकारेवारेवाच्या न्गाती वाहिआओ लोकांनी आपल्यात जागा दिली. जॉर्ज व्हॅलेंटाइन या छायाचित्रकाराने स्फोटाच्या आदल्याच वर्षी, १८८५ मध्ये, त्या पायऱ्यांची छायाचित्रे घेतली होती. स्फोटानंतर त्याने पुन्हा तिथे जाऊन राखेने माखलेला प्रदेश टिपला. दोन्ही संच आज पाहता येतात. पण ही छायाचित्रे काळीपांढरी आहेत. गुलाबी पायऱ्यांचा गुलाबीपणा एकाही छायाचित्रात नाही. तो चार्ल्स ब्लूमफील्डसारख्या चित्रकारांच्या रंगांत आहे आणि ज्यांनी पाहिले त्यांनी लिहून ठेवलेल्या शब्दांत आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला सुखावणारी ही गोष्ट मी तेव्हा वहीत टिपून ठेवली. तिचा खरा उपयोग मला बारा वर्षांनी व्हायचा होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गावात गेले. फाटकावर तिकीट घ्यावे लागते. कोणत्या वाटांनी जावे, कुठे घरे खाजगी आहेत, सभागृहात काय करू नये, हे सांगणाऱ्या पाट्या आहेत. मी त्या सगळ्या वाचल्या आणि पाळल्या. पाट्या पाळल्या म्हणजे आपण सभ्य, अशी आपली एक समजूत असते.

पारेकोहुरु नावाच्या मोठ्या उकळत्या कुंडात गावकरी मक्याची कणसे पातळ कापडाच्या पिशवीत घालून सोडतात आणि काही मिनिटांनी उपसतात. मी पलीकडच्या कठड्याशी उभी होते. वाफ वाऱ्याने बाजूला झाली आणि कुंडाच्या काठावर एक वृद्ध बाई दिसली. तिच्या हनुवटीखाली स्कार्फची गाठ होती, पायांत रबरी बूट होते आणि ती दोरीने पिशवी वर ओढत होती. मी लांबची भिंग लावली होती. तिला माझी चाहूल लागण्याचे कारण नव्हते. मी एक फोटो घेतला, मग वाफ पुन्हा आली, पुन्हा विरली, मी दुसरा घेतला. दुसऱ्यात तिने मान वर केली होती आणि ती थेट भिंगात पाहत होती.

तिने हाताने मला बोलावले. मी घाबरत फेरी मारून तिच्याजवळ गेले. माझ्या वर्गातल्या एका माओरी मैत्रिणीने सांगून ठेवले होते, की आमच्याकडच्या वयस्क बाईला नावाने हाक मारू नकोस, 'आंटी' म्हण. वृद्ध, मान्यवर स्त्रीला माओरीत कुइया म्हणतात, पण हाक मारायला आंटीच. मी म्हटले, "आंटी, माफ करा, विचारायला हवे होते."

ती रागावलेली नव्हती. तिने एक कणीस कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि विचारले, "फोटो कुणाला दाखवणार?"

"घरी. आईला, मामाला. माझ्या विद्यार्थ्यांना."

"मग मलाही दाखव," ती म्हणाली. "इथे उभी राहिल्यापासून माझे हजारो फोटो निघाले असतील. कुठल्या कुठल्या देशांत मी भिंतीवर असेन. माझ्या घरात मात्र माझा एक धड फोटो नाही. मी गेल्यावर पोरांना लागेल तो."

मी वही पुढे केली. तिने शेवटच्या पानावर आपले नाव आणि पत्ता ठळक अक्षरांत लिहिला. मी म्हणाले, "नक्की पाठवीन."

छायाचित्राला माओरीत 'फाकाआहुआ' म्हणतात, हे मला त्या वर्षी वर्गात कळले होते. आहुआ म्हणजे रूप, आकार, माणसाचे दिसणे आणि काहीसे त्याचे असणेही. फाका हा प्रयोजक उपसर्ग. 'करणे'चे 'करवणे' आपण जसे प्रत्ययाने करतो तसे ते उपसर्गाने करतात. तेव्हा छायाचित्र म्हणजे रूपास आणणे. आपला शब्द सावलीकडून येतो, त्यांचा शब्द घडवण्याकडून. त्या समाजात कुणी मरण पावले, की आधी गेलेल्या आप्तांची छायाचित्रे आणून शवपेटीजवळ मांडतात. सभागृहांच्या भिंतींवर पूर्वजांच्या तसबिरी असतात आणि पाहुणे त्यांना जिवंत माणसांइतकाच मान देतात. 'पोरांना लागेल' या तिच्या शब्दांचे वजन मला हे सगळे माहीत असूनही त्या वेळी पुरते कळले नाही. किंवा कळले, आणि तेवढ्यासाठीच मी पुढे ते आठवायचे टाळले.

*

कारण मला ते कळायला हवे होते. माझे आजोळ चिपळूणचे, पण वडिलांचे गाव आरवली, संगमेश्वर तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. तिथे गरम पाण्याची कुंडे आहेत. कोकणातले हे झरे रोटोरुआसारखे ज्वालामुखीचे नव्हेत. पावसाचे पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जाते, तिथल्या उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेने वर येते. पण वास तोच, वाफ तीच, आणि थंडीच्या सकाळी कुंडाच्या कडेला धुणे-आंघोळीला जमलेल्या बायाही त्याच. रस्ता जवळ असल्यामुळे गाड्या थांबत. मुंबईची, पुण्याची माणसे उतरत, पाण्यात बोटे बुडवून चकित होत, फोटो काढत आणि निघून जात.

मी सात-आठ वर्षांची असताना एका सकाळी आजीबरोबर कुंडावर गेले होते. एक गृहस्थ मोटारीतून उतरले. गळ्यात कॅमेरा होता. आजी दगडावर धुणे आपटत होती. त्यांनी तिचे दोन-तीन फोटो काढले. आजी म्हणाली, "आमचा फोटू कशाला काडता? आमाला काय सोनं लागलंय?" गृहस्थ हसले. भला माणूस असावा. म्हणाले, "आजी, फोटो पाठवून देतो, पत्ता सांगा." आजीला लिहिता येत नव्हते. मी पत्ता सांगितला आणि त्यांनी तो सिगारेटच्या पाकिटावर लिहून घेतला.

मामाचा स्टुडिओ चाळीस मैलांच्या आत होता. त्याने कितीदा म्हटले असेल, की विहीणबाई, एकदा या, छान फोटो काढतो. आजी दरवेळी म्हणे, मेल्यावर टांगायला कशाला हवा फोटो. आम्हांला वाटे, की तिला फोटोची हौस नाही. पण त्या सकाळनंतर कितीतरी महिने, पोस्टमन वाडीत आला की ती अंगणाच्या कडेला जाऊन उभी राही आणि विचारी, "आमचा काय कागद आलाय काय?" तिला कुणाचेही पत्र येण्याजोगे नव्हते. पोस्टमनला नवल वाटे. मला माहीत होते, पण मी कुणाला सांगितले नाही. सांगितले असते तर मामा दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन आला असता, आणि तिला हवा होता तो फोटो स्टुडिओतला नव्हता, हे त्या वयातही मला उमगले होते. कुणीतरी वाट वाकडी करून थांबून आपल्याकडे पाहिले, याचा तो पुरावा होता.

दोन वर्षांनी आजी गेली. आमच्या ओटीवर आजोबांची तसबीर आहे. तिच्या शेजारची खुंटी रिकामी आहे. मी त्या अनोळखी गृहस्थांना मनोमन अपराधी ठरवले आणि पुढची तीस वर्षे ठरवत राहिले. पर्यटकाच्या नजरेविषयी, दृश्य होऊन बसलेल्या माणसांविषयी मी वर्गात जे काही आवेशाने बोलले, त्यामागे ते सिगारेटचे पाकीट होते.

*

मी मायदेशी आले ती नोव्हेंबर २००९ मध्ये. रोल मामाने धुतले. कुंडाकाठच्या बाईची ती दुसरी चौकट त्याने भिंगाखाली बराच वेळ पाहिली. म्हणाला, "ही बघून काढलीस. हिचा मी तपकिरी, मोठा फोटो करून देतो. मग पाठव." त्याचा जुना सराव सुटला होता, रसायने पुण्याहून मागवायची होती. मलाही घाई नव्हती. महाविद्यालयात रुजू झाले, उत्तरपत्रिका आल्या, मुलगी झाली, संशोधन-प्रबंधाचे गाडे पुढे ओढायचे होते. दर दिवाळीला मामा म्हणे, "तो तुझा फोटो राहिलाय." दर दिवाळीला मी म्हणे, "हो, या सुट्टीत." पोहुतूचे फोटो मात्र मी पहिल्याच महिन्यात साध्या कागदावर छापून घेतले होते. एका दिवाळी अंकात ते माझ्या प्रवासलेखाबरोबर प्रसिद्धही झाले. गायझरचा फोटो पाठवायला कुणाचा पत्ता लागत नाही.

त्या काळातच मी माकेरेतीविषयी वाचले. १८७३ साली जन्मलेली ही स्त्री फाकारेवारेवाची सर्वांत प्रसिद्ध वाटाडी होती. १९०१ मध्ये राजघराण्यातल्या पाहुण्यांना तिने गाव दाखवले. तिची छायाचित्रे पोस्टकार्डांवर जगभर गेली. एका पर्यटकाने तिला विचारले, की तुझे माओरी आडनाव काय, तेव्हा तिने आसपास नजर टाकली, जवळच्या गायझरचे नाव उचलले आणि सांगितले, 'पापाकुरा'. पुढे ती इंग्लंडला गेली आणि विसाच्या दशकात ऑक्सफर्डमध्ये मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी झाली. जिच्याकडे सारे पाहत आले होते ती आपल्या लोकांविषयी स्वतः लिहू लागली. एप्रिल १९३० मध्ये, प्रबंध सादर करण्याआधीच, ती वारली. कुटुंबाच्या आणि आपल्या लोकांच्या संमतीने तो १९३८ मध्ये 'द ओल्ड-टाइम माओरी' या नावाने पुस्तकरूपाने निघाला. ऑक्सफर्डने तिला मरणोत्तर पदवी दिली ती २०२५ मध्ये. पंचाण्णव वर्षांच्या उशिराने का होईना, ते देणे चुकते झाले.

तिने ज्याचे नाव घेतले त्या पापाकुरा गायझरचीही एक कथा आहे. अखंड उसळणारे ते गायझर १९७९ मध्ये थांबले. शहरातल्या लोकांनी घरे आणि हॉटेले तापवायला शेकडो विंधन-विहिरी खणून जमिनीखालचे गरम पाणी उपसले होते. सरकारने १९८६ मध्ये पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या विहिरी बंद करण्याचा निर्णय घेतला. मी गेले तेव्हा, २००९ मध्ये, वाटाड्याने पापाकुराचा नुसता खळगा दाखवला होता. २०१५ मध्ये, छत्तीस वर्षांनी, ते पुन्हा उसळू लागले. ही बातमी मी वाचली त्या दिवशी मला कुइयेचा पत्ता आठवला. वही काढून शेवटचे पान पाहिले. मामाला फोन केला. आणि पुन्हा काहीतरी निघाले.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात पूर आला. वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत दुकानांच्या छपरांना लागले. मामा, मामी वरच्या मजल्यावर होते म्हणून वाचले. स्टुडिओ पूर्ण बुडाला. आठवड्याने मी पोहोचले तेव्हा मामा ओट्यावर बसून निगेटिव्हच्या पट्ट्या बादलीतल्या स्वच्छ पाण्यात विसळत होता. निगेटिव्हवरची प्रतिमा जिलेटिनच्या पातळ थरात धरलेली असते. दिवसेंदिवस चिखलात राहिले, की जिलेटिन फुगते आणि फिल्मवरून सुटून येते. तो पट्टी विसळे आणि माणसे पाण्यात विरघळून जात. चाळीस वर्षांची लग्ने, बारशी, शाळेचे वर्ग त्या बादलीत गेले. माझे दहा रोलही गेले. त्यांचे ठसे घेतलेले कागदही तिथेच होते. मामा एवढेच म्हणाला, "तुझा फोटो राहिला गं."

माझ्याजवळ आता पोहुतूचे नऊ फोटो आहेत. तसे फोटो जगात लाखो असतील.

*

रोलाँ बार्थने छायाचित्रणावरचे आपले १९८० सालचे पुस्तक आईच्या एका जुन्या छायाचित्राभोवती रचले आणि नेमके तेच छायाचित्र पुस्तकात छापले नाही. ते इतरांच्या लेखी एक साधे छायाचित्र ठरले असते, असे त्याचे कारण. अध्यापनात मी हे उदाहरण मोठ्या कौतुकाने देत असे. पुरानंतर ते देताना माझी जीभ अडखळू लागली. बार्थकडे छायाचित्र होते आणि ते न दाखवण्याची निवड त्याने केली. माझ्याकडे निवड नाही. मी फक्त उशीर केला.

त्या पुराने आणखी एक गोष्ट केली. आरवलीच्या त्या गृहस्थांविषयी तीस-पस्तीस वर्षे मनात जपलेला राग मला पुढे चालवता येईना. कदाचित त्यांचा रोल प्रकाश लागून वाया गेला असेल, पाकीट चुकून फेकले गेले असेल, घरात आजारपण निघाले असेल. किंवा तसे काहीच झाले नसेल. दर दिवाळीला त्यांना आठवत असेल आणि ते 'या सुट्टीत' म्हणत असतील. पर्यटकाच्या क्रूर नजरेचे जे सिद्धान्त मी वाचले-शिकवले, ते खोटे नाहीत. पण माझ्या आजीला त्या नजरेने दुखावले नव्हते. ती नजर तिला आवडली होती. तिला दुखावले ते नंतरच्या मौनाने. ज्याचे रूप आपण नेतो त्याचे आपण देणे लागतो, आणि ते देणे बहुतेक वेळा दुष्टपणामुळे थकत नाही, सवडीमुळे थकते. छायाचित्रणाच्या नीतीविषयी मला जे कळले ते एवढेच आहे.

तेव्हापासून लोकसाहित्याच्या क्षेत्रभेटीला जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना मी एक अट घालते. ओव्या सांगणाऱ्या बाईचा मोबाइलवर फोटो काढलात, तर त्याची कागदावर छापलेली प्रत तिच्या हातात पोहोचल्याशिवाय प्रकल्प जमा करून घेणार नाही. मुले कुरकुरतात. एसटीचे भाडे मी देते.

आणि २०२१ च्या दिवाळीत मी वहीच्या शेवटच्या पानावरच्या पत्त्यावर एक पत्र लिहिले. फोटो नाही, हे पहिल्याच ओळीत सांगितले, आणि का नाही तेही. मग त्या चौकटीत काय होते ते लिहिले. वाफ डावीकडे झुकली होती, स्कार्फची गाठ हनुवटीखाली होती, डाव्या हाताला दोरीचे दोन वेढे होते, कणसांच्या पिशवीतून पाणी निथळत होते आणि आंटी, तुम्ही वर पाहत होतात. हसत नव्हतात, पण हसायच्या बेतात होतात. गुलाबी पायऱ्यांचा रंग शब्दांत उरला, तसे तुमच्या नातवंडांसाठी एवढे तरी उरावे. उत्तर आले नाही. पत्र परतही आले नाही. ती हयात आहे की नाही, मला ठाऊक नाही. महाविद्यालयात टपालाचा गठ्ठा आला, की मी शिपायाला विचारते, "माझे काही आहे का?"

एक देणे अजून राहिले आहे, ते माझे नव्हे, पण फेडायला आता मीच उरले आहे. तेही इथेच लिहून ठेवते. आरवलीचे कुंड, थंडीतली सकाळ. आजीने लुगड्याचा पदर कमरेला खोचला आहे. दोन्ही हातांनी पिळलेले धोतर तिने डोक्याच्या वर उचलले आहे आणि त्यातून उडालेले थेंब वाफेत दिसतात. कपाळावरचे कुंकू घामाने किंचित ओघळले आहे. तोंड उघडे आहे, कारण ती त्या क्षणी सोन्याबद्दल काहीतरी बोलते आहे. उजव्या कोपऱ्यात, चौकटीत अर्धी मावलेली, परकर-पोलके घातलेली एक मुलगी आहे. ती आजीकडे पाहत नाही. ती कॅमेऱ्याकडे पाहते आहे.